शुक्राची कोर: ग्रहांना कला का असतात आणि मुंबईच्या गच्चीवरून त्या कशा पाहायच्या

संध्याकाळी पश्चिमेला लखलखणारी शुक्राची चांदणी नुसत्या डोळ्यांना ठिपकाच दिसते. साठ मिलिमीटर रुंद भिंगाची साधी दुर्बीण तिच्यावर लावली की त्या ठिपक्याच्या जागी कधी अर्धं बिंब दिसतं, कधी बीजेच्या चंद्रासारखी कोर, तर कधी इवलंसं गोल बिंब. चंद्राच्या कला आपण लहानपणापासून पाहतो. शुक्रालाही कला आहेत, बुधालाही आहेत, मंगळाला थोड्याशा आहेत आणि गुरू-शनीला डोळ्यांनी ओळखू येण्याइतक्या नाहीत. असं का, हे खोलीत एका दिव्याने तासाभरात कळतं. ते एकदा हाताने करून पाहिलं की शुक्र कधी, कुठे, केवढा आणि किती भरलेला दिसेल याचा अंदाज मनातल्या मनात बांधता येतो. म्हणून आधी खोली, मग गच्ची.

एका शब्दाचा घोळ सुरुवातीलाच मिटवू. मराठीत बिंबाच्या उजळलेल्या आकाराला कला म्हणतात आणि कोन मोजताना अंशाच्या साठाव्या भागालाही कलाच म्हणतात. तिचा साठावा भाग म्हणजे विकला. इथे कला म्हणजे आकार, आणि कोन सगळे विकलांत. पौर्णिमेचा चंद्र साधारण १८०० विकला रुंद दिसतो. शुक्र लहानात लहान १० विकला आणि मोठ्यात मोठा ६० विकलांच्या थोडा वर जातो. माणसाच्या डोळ्याला साधारण ६० विकलांखालचा आकार वेगळा कळत नाही, म्हणून शुक्राची कोर ऐन मोठी असतानाही डोळ्याला जेमतेम हुलकावणी देते. दहापट मोठं करून दाखवणारं काहीही हाती आलं की ती सापडते.

खोलीतला प्रयोग

लागतं ते एवढंच: ९ वॉटचा एलईडी बल्ब, तो उभा बसवायला होल्डर, सुतळी, खडू, विणायची सुई आणि लिंबाएवढा कणकेचा गोळा. कणीक घट्ट मळा. सैल कणीक सुईवरून घसरते. गोळ्याऐवजी टेबल टेनिसचा चेंडू घेण्याचा मोह होतो, पण तो अर्धपारदर्शक असतो. उजेड आरपार येऊन त्याची काळोखी बाजूही उजळते आणि कला दिसतच नाही. थर्माकोलच्या गोळ्याचंही थोडंफार तसंच होतं. त्याला पोस्टर कलरचे दोन हात दिले तर चालतो. ऑइल पेंट लावला तर थर्माकोल विरघळतो.

बल्ब जमिनीवर मधोमध ठेवा. सुतळीने त्याच्याभोवती खडूचं ७२ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ते शुक्राचं. आतलं ३९ सेंटिमीटरचं बुधाचं. बल्बपासून बरोबर १ मीटरवर खूण करा, तिथे तुमचा डोळा, म्हणजे पृथ्वी. सूर्य-पृथ्वी अंतर १ मीटर धरलं की शुक्र आणि बुध खरोखरच या प्रमाणात बसतात. मंगळाचं वर्तुळ १५२ सेंटिमीटरचं, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत ते चारी भिंतींना टेकतं. सामान असेल तर हे वर्तुळ गच्चीवर रात्री काढा. खोलीच्या भिंती पांढऱ्या असतील तर त्यांच्यावरून परतणारा उजेड सावलीचा भाग धूसर करतो. गोळ्याच्या मागे गडद चादर टांगली की फरक पडतो.

आता पोटावर झोपा, डोळा बल्बच्या उंचीवर आणा, एक डोळा मिटा आणि कुणाला तरी गोळा शुक्राच्या वर्तुळावरून हळूहळू फिरवायला सांगा. गोळा बल्बच्या पलीकडे असतो तेव्हा तो तुमच्यापासून १७२ सेंटिमीटरवर, लहान आणि पूर्ण उजळलेला. बाजूला येतो तसा तो मोठा होत जातो आणि एका कडेने काळोख चढतो. बल्बच्या अलीकडे येतो तेव्हा तो फक्त २८ सेंटिमीटरवर असतो. आकार सहापट झालेला, पण उजळलेली बाजू जवळजवळ सगळी बल्बकडे, म्हणून तुमच्या वाट्याला एक पातळ, मोठी कोर. यात सगळं उत्तर आहे. गोळ्याची अर्धी बाजू प्रत्येक क्षणी उजळलेलीच असते. त्या अर्ध्यापैकी किती भाग आपल्याकडे वळलाय, ती कला. कुणाची सावली कुणावर पडत नाही. पृथ्वीच्या सावलीमुळे कला दिसतात हा समज चंद्राच्या बाबतीतही चुकीचा आहे. ती सावली पडते ती ग्रहणात.

याच मांडणीत आणखी एक गोष्ट बघून घ्या. तुमच्या डोळ्यापासून ७२च्या वर्तुळाला जेमतेम स्पर्श करेल अशी सुतळी ताणा. स्पर्शाच्या त्या जागी गोळा नेमका अर्धा उजळलेला दिसतो आणि सुतळी व बल्ब यांच्यातला कोन ४६ अंशांच्या आसपास भरतो. गोळा त्याहून लांब जाऊच शकत नाही. म्हणूनच मुंबईतून मध्यरात्री शुक्र कधीच दिसत नाही. तो सूर्य मावळल्यावर तीनेक तासांत मावळतो, नाहीतर सूर्याच्या तीनेक तास आधी उगवतो. या टोकाच्या जागेला परम इनांतर म्हणतात. शुक्र सूर्याच्याच दिशेला येतो ती युती: सूर्याच्या पलीकडची ती बहिर्युती, अलीकडची ती अंतर्युती.

मग गोळा मंगळाच्या वर्तुळावर न्या. तो कुठेही असला तरी बल्बचा उजेड थोडाफार तुमच्याच बाजूने त्याच्यावर पडतो, त्यामुळे त्याची कोर होत नाही, अर्धं बिंबही होत नाही. तुमच्या बाजूला, काटकोनात आल्यावर एक कड थोडी खाल्ल्यासारखी दिसते, एवढंच. तुमच्या पाठीमागे गेला की पूर्ण. तिथे तुमच्या डोक्याची सावली त्याच्यावर पडेल, तेव्हा गोळा जरा उंच धरा. आकाशात मात्र पृथ्वीची सावली मंगळापर्यंत पोचत नाही. गुरूसाठी ५ मीटर २० सेंटिमीटर लागतील. सोसायटीची गच्ची मोठी असेल तर करून पाहा, गोळा कुठेही धरला तरी गोलच.

हेच गॅलिलिओने १६१०च्या अखेरीस खऱ्या शुक्रावर पाहिलं. ११ डिसेंबरला त्याने प्रागमधल्या, इटलीतल्या तोस्काना राज्याच्या राजदूताला अक्षरं उलटसुलट केलेलं एक लॅटिन वाक्य पाठवलं. १ जानेवारी १६११ला त्याने त्याची उकल कळवली: प्रेमाची जननी चंद्राच्या रूपांची नक्कल करते. प्रेमाची जननी म्हणजे व्हीनस, आपला शुक्र. पृथ्वी मध्यभागी धरणाऱ्या टॉलेमीच्या जुन्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो, म्हणजे तो कधीच अर्ध्याहून जास्त भरलेला दिसायला नको. तो तसा दिसला आणि ती मांडणी तिथे मोडली. मात्र शुक्राच्या कलांनी एकट्याने पृथ्वी फिरते हे सिद्ध झालं, असं म्हणणं बरोबर नाही. टायको ब्राहेच्या मांडणीत ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो; तिच्यातही शुक्र असाच दिसतो. गॅलिलिओच्या गोष्टी सांगताना हे बहुतेक वेळा गाळलं जातं.

कधी पाहायचं

शुक्राचं चक्र ५८४ दिवसांचं. बहिर्युतीनंतर तो संध्याकाळी पश्चिमेला येतो, लहान आणि भरलेला. साधारण सात महिन्यांनी परम इनांतराला पोचतो, अर्धा. पुढच्या दहा आठवड्यांत तो झपाट्याने मोठा होत आणि बारीक होत सूर्याकडे धावतो. अंतर्युती झाली की पहाटे पूर्वेला, आधी कोर, मग अर्धा, मग भरलेला. चंद्राच्या उलट आहे हे: संध्याकाळी दिसणारा चंद्र वाढत असतो, संध्याकाळचा शुक्र घटत असतो. पंचांगात शुक्राचा अस्त लिहिलेला असतो आणि त्या काळात लग्नाचे मुहूर्त नसतात, तो याच दोन युतींच्या आसपासचा. अंतर्युतीचा अस्त थोड्याच दिवसांत आटपतो कारण शुक्र जवळून भरकन जातो. बहिर्युतीचा दीड-दोन महिने रेंगाळतो.

पाहण्याजोगा काळ अंतर्युतीच्या आधीचे आणि नंतरचे दहा आठवडे. अंतर्युतीपासून ७१-७२ दिवसांवर शुक्र निम्मा उजळलेला आणि २४ विकलांचा असतो. ५० दिवसांवर ३७ टक्के आणि ३१ विकला. ३६ दिवसांच्या सुमारास २६ टक्के, ३९ विकला. तेव्हाच तो सगळ्यात तेजस्वी, कारण त्यानंतर मोठेपणाने जेवढं मिळतं त्याहून जास्त बारीक होण्याने जातं. २० दिवसांवर १२ टक्के, ५० विकला. १० दिवसांवर साडेतीन टक्के, ५७ विकला, पण सूर्यापासून फक्त १५ अंशांवर. तिथे हौशी माणसाने थांबावं.

आता मुंबईचं. १५ ऑगस्ट २०२६ला संध्याकाळचं परम इनांतर येतं, ते ऐन पावसात. सप्टेंबरमध्ये ढगांतून एखादी संध्याकाळ मिळाली तर घ्यावी. ऑक्टोबरात आकाश मोकळं होईपर्यंत शुक्र क्षितिजालगत आलेला असतो. २४ ऑक्टोबर २०२६ला अंतर्युती. खरी मेजवानी तिच्यानंतर, नोव्हेंबरच्या पहाटे. पाऊस गेलेला, हवा कोरडी आणि या दिवसांत मुंबईच्या अक्षांशावरून सूर्याचा मार्ग पूर्वेला जवळजवळ उभा चढतो, त्यामुळे शुक्र थेट वर येतो. १० नोव्हेंबरच्या सुमारास ९ टक्क्यांची, ५४ विकलांची कोर, चित्रा नक्षत्राच्या परिसरात. नोव्हेंबरअखेर पाव भाग उजळलेला, सूर्योदयापूर्वी तीस-पस्तीस अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन-साडेतीन मुठी. ३ जानेवारी २०२७ला परम इनांतर, अर्धा. संध्याकाळची मोठी कोर हवी असेल तर २०२८चे एप्रिल-मे: २२ मार्चला इनांतर, १ जूनला अंतर्युती आणि शुक्र पश्चिमेला भरपूर उंच. मोसमी पाऊस यायच्या आत सगळं उरकतं.

तारखा पाठ करायची गरज नाही. शुक्राची पाच चक्रं म्हणजे आठ वर्षांना दोन-अडीच दिवस कमी. म्हणून २६ ऑक्टोबर २०१८ची अंतर्युती २४ ऑक्टोबर २०२६ला येते आणि ३ जून २०२०ची १ जून २०२८ला. जुन्या नोंदवहीत आठ वर्षं मिळवा, दोन दिवस वजा करा.

जागा आणि दुर्बीण

शहरातल्या उजेडाने आकाशगंगा पुसली जाते, शुक्राला मात्र काही होत नाही. त्यासाठी वांगणी-नेरळ गाठायला नको. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, दादर चौपाटी, बँडस्टँड, जुहू ही सगळी पश्चिमेची मोकळी क्षितिजं. समुद्रावर वारा असतो, उंच तिपाई थरथरते. तिपाईचे पाय पूर्ण न उघडता बसून पाहा आणि मधल्या ट्रेला पाण्याची दोन लिटरची बाटली टांगा. पहाटेसाठी पूर्व उघडी असलेली सोसायटीची गच्ची उत्तम. शिवडी आणि भाऊच्या धक्क्याकडून बंदरावरची पूर्व मोकळी मिळते. गच्चीची किल्ली आदल्या संध्याकाळीच मागून ठेवा. पहाटे पाचला वॉचमनला उठवण्यात कोर निघून जाते.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता सोडतो. संध्याकाळी त्याच्यावरून पाहिलेला शुक्र पाण्याखालच्या नाण्यासारखा लवलवतो. पहाटे हा त्रास बराच कमी. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून, शेजारच्या इमारतीच्या गरम भिंतीला घासून पाहू नका. खिडकीच्या काचेतून तर अजिबात नको. काच एकाची दोन बिंबं करते. एसीच्या खोलीतून काढलेल्या दुर्बिणीवर मुंबईच्या दमट हवेत लगेच दव धरतं. अर्धा तास आधी बाहेर काढून, झाकण न काढता ठेवा. नळीच्या आतली हवा आणि बाहेरची हवा एक झाली की प्रतिमेची थरथर थांबते.

वर्धन, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, मोजायची रीत: दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) भागिले नेत्रिकेचं, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाचं. ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २० मिलिमीटरची नेत्रिका लावली की ४५ पट. ४० विकलांचा शुक्र ४५ पटीने १८०० विकलांचा होतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा. कोर बघायला एवढं पुरे. अर्ध्या शुक्रासाठी १० मिलिमीटरची, ९० पट. बहिर्युतीजवळचा १० विकलांचा भरलेला शुक्र तेवढाच मोठा हवा असेल तर १८० पट लागतात, आणि ते रोजच्या हवेत सहसा मिळत नाहीत. १०×५०च्या द्विनेत्रीने, म्हणजे दहापट वर्धनाच्या बायनॉक्युलरने, शेवटच्या तीन आठवड्यांतली कोर दिसते, चंद्राच्या पाव रुंदीची. हात हलले तर ती ठिणगीसारखी नाचते. कोपर कठड्यावर टेकवा, किंवा द्विनेत्री झाडूच्या उभ्या दांड्यावर दाबून धरा.

एक नियम मोडायचाच नाही. सूर्य क्षितिजाच्या वर असताना दुर्बीण किंवा द्विनेत्री त्या बाजूला वळवायची नाही. क्षणभर सूर्य नजरेत आला तरी दृष्टिपटल कायमचं जळतं, आणि तिथे दुखत नसल्याने कळतही नाही. संध्याकाळी सूर्य पूर्ण बुडाल्यावर सुरुवात. पहाटे सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी मोबाइलचा गजर लावा आणि तो वाजला की झाकण घाला, वर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीलाही. मुलं सोबत असतील तर दुर्बिणीजवळ एक मोठा माणूस सतत हवा.

प्रत्यक्ष पाहताना

अंधार होण्याची वाट पाहू नका. काळ्या आकाशात शुक्र इतका झगमगतो की त्याची कला तेजात बुडते. नवख्यांच्या निराशेचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. संधिप्रकाशात, आकाश अजून निळसर असताना, कडा स्वच्छ दिसतात. पण तेव्हा तो डोळ्यांनी सापडायला वेळ लागतो आणि दुर्बिणीचा फोकस बिघडलेला असेल तर दुर्बिणीत अजिबात सापडत नाही. म्हणून आदल्या रात्री चंद्रावर किंवा एखाद्या ताऱ्यावर फोकस लावा आणि फोकसरच्या नळीवर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नळी त्या रेघेवर आणायची, कमी वर्धनाची नेत्रिका लावायची, शुक्र मध्यावर आला की मगच वर्धन वाढवायचं.

आकाश काळं होऊ लागलं आणि झगमग वाढली की चंद्रासाठीचा राखाडी फिल्टर लावा. भिंगाच्या स्वस्त दुर्बिणीत शुक्राभोवती जांभळी झालर दिसते, कारण पुढचं साधं दोन भिंगांचं वस्तुभिंग निळा-जांभळा रंग बाकी रंगांबरोबर एका जागी आणत नाही. पिवळा फिल्टर ती झालर बरीच कापतो. शुक्र क्षितिजाजवळ असेल तर वेगळाच रंग दिसतो, एका कडेला लाल आणि समोरच्या कडेला निळा. तो दुर्बिणीचा दोष नाही, हवेचा आहे. हवा लोलकासारखी वागते. वीस अंशांच्या वर असतानाच पाहा, तो जातो.

काय चुकतं त्याची काही उदाहरणं. दिसलं ते मधोमध काळं भोक असलेलं कडं असेल, तर तो ग्रह नाही, आरशाच्या दुर्बिणीचा बिघडलेला फोकस आहे. भोक म्हणजे दुय्यम आरशाची सावली. कोरीला एका बाजूला शेपूट दिसत असेल तर आरसे सरळ नाहीत, जुळवणी करा. शेजारी फिकट दुसरा शुक्र दिसला तर डोळा जरा हलवा. तो उलट दिशेने सरकला तर नेत्रिकेतलं परावर्तन आहे, शुक्राला चंद्र नाही. आणि कोर उलटी दिसते म्हणून घाबरू नका. आरशाची दुर्बीण प्रतिमा वरची खाली आणि डावीची उजवी करते. भिंगाच्या दुर्बिणीला काटकोनी आरसा लावला असेल तर फक्त डावं-उजवं बदलतं. खरी कोर नेहमी सूर्याकडे पोट करून असते. संध्याकाळी सूर्य खाली बुडालेला, म्हणून मुंबईतून ती बहुधा होडीसारखी दिसते, पोट खाली, टोकं वर.

मोबाइलने फोटो घ्यायचा तर नेत्रिकेवर बसणारा आधार घ्या. हाताने धरलेला मोबाइल शंभरातून एकदा नीट बसतो. पडद्यावर शुक्रावर बोट दाबून ठेवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा, कोरीची दोन टोकं सुटी दिसेपर्यंत. बहुतेकांच्या फोटोत गोल पांढरा ठिपका येतो तो पट्टी तेवढी खाली न ओढल्यामुळे. मग फोटोऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. हवा क्षणभर थांबते त्या एक-दोन चौकटी त्यातून निवडता येतात.

तरीही चित्र काढाच. पेन्सिल हातात असली की डोळा जास्त पाहतो. नेहमी एकच नेत्रिका आणि कागदावर एका विकलेला एक मिलिमीटर: निम्म्या शुक्राला २४ मिलिमीटरचं वर्तुळ, अंतर्युतीजवळ ५७चं. उजळलेला टक्का व्यासावर मोजतात, त्यामुळे २६ टक्क्यांची कोर ३९ मिलिमीटरच्या वर्तुळात मधोमध १० मिलिमीटर जाड यायला हवी. दर चार दिवसांनी एक, अशी दहा-बारा चित्रं एका ओळीत चिकटवली की खोलीतला कणकेचा गोळा आठवतो.

ही चित्रं काढताना एक गंमत हाती लागते. कागदावर हिशेबाने शुक्र अर्धा व्हायचा त्या दिवशी तो दुर्बिणीत अर्धा दिसत नाही. संध्याकाळच्या फेरीत काही दिवस आधीच अर्धा दिसतो, पहाटेच्या फेरीत काही दिवस उशिरा. १७९३मध्ये श्रोटर या जर्मन निरीक्षकाने हे नोंदलं. उजेड-काळोखाच्या सीमेवर शुक्राच्या ढगांवर ऊन फार तिरकं पडतं, तिथला भाग इतका मंद होतो की डोळा त्याला काळोखात जमा करतो. जानेवारी २०२७मध्ये ३ तारखेपासून रोज पाहा आणि सीमारेषा नेमकी सरळ वाटते तो दिवस लिहून ठेवा. पट्टी धरल्यासारखी सरळ हवी. अंदाजाने लिहिलेला दिवस निरुपयोगी.

बुध आणि मंगळ

बुध अवघड आहे, पण मुंबईला त्याच्यासाठी नशीब चांगलं. त्याचं चक्र ११६ दिवसांचं, म्हणून वर्षात तीनेकदा संध्याकाळी आणि तीनेकदा पहाटे तो इनांतराला येतो, १८ ते २८ अंश. फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पहाटे त्याचा मार्ग उभा असतो, आणि हे दोन्ही काळ आपल्याकडे बिनपावसाचे. इनांतराला बिंब फक्त सहा ते आठ विकलांचं; शंभर-दीडशे पट वर्धन आणि १०० मिलिमीटरहून रुंद तोंडाची दुर्बीण हवी. इनांतराच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभर, सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी शोधायला लागा. संध्याकाळच्या फेरीत इनांतराच्या आधी तो भरलेला आणि तेजस्वी असतो, नंतर कोर होताना झपाट्याने मंदावतो. शुक्राच्या ढगांप्रमाणे तो उजळ नाही, धुळीने माखलेला खडक आहे, त्यामुळे कोर पाहायला मिळेपर्यंत तो मुंबईच्या धुरक्यात हरवलेला असतो. बुध अर्धा दिसला तरी फेरी सफल समजा.

मंगळाची कला सगळ्यात जास्त दिसते ती तो सूर्यापासून ९० अंशांवर असताना. तेव्हाही ८५ ते ९० टक्के बिंब उजळलेलं असतं. १९ फेब्रुवारी २०२७ला मंगळाची प्रतियुती आहे, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो; तिच्या आधी, नोव्हेंबर २०२६च्या सुमारास, तो या काटकोनात येतो, सिंह राशीत, साधारण ७ विकलांचा आणि ९० टक्के भरलेला. म्हणजे ज्या पहाटे शुक्राची कोर पूर्वेला वर येते, त्याच पहाटे मंगळ डोक्याजवळ असतो. आधी मंगळ पाहा, कारण पूर्व उजळायला लागली की त्याचा रंग आणि कड दोन्ही जातात. दीडशे पट वर्धन लावा आणि कागदावर ५ सेंटिमीटरचं वर्तुळ काढून ठेवा. खाल्लेली कड ओळखायची तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला बघायचं: पहाटे सूर्य पूर्वेला, म्हणून पश्चिमेची कड. तिथे मधोमध ५ मिलिमीटर कमी पडायला हवेत. पहिल्या नजरेला बिंब गोलच वाटतं; डोळा नेत्रिकेला पाच मिनिटं लावून ठेवला, हवा एकदा थांबली, की ते पौर्णिमेच्या तीनेक दिवस अलीकडच्या चंद्रासारखं किंचित लांबट दिसतं. मग दुर्बीण पूर्वेला वळवा, २० मिलिमीटरची नेत्रिका लावा आणि गजर वाजेपर्यंत शुक्र.